चित्रकार टर्नर आणि कागदाचा पांढरा रंग

गेल्या वर्षीच्या हस्तकला प्रदर्शनात आपल्या भगिनींनी काढलेली जलरंगातील काही चित्रे मांडली होती, हे सर्वांना आठवत असेलच. त्यांपैकी एका चित्रात नदीच्या पाण्यावरची चकाकी दाखविण्यासाठी शेवटी पोस्टर कलरच्या बाटलीतील पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले होते. पाहावयास आलेल्या मंडळींना ते चित्र फार आवडले. परंतु आमच्या चित्रकलेच्या वर्गात मात्र त्यावरून दोन तट पडले. जलरंगात पांढरा रंग वापरणे ही लबाडी आहे, असे एका बाजूचे म्हणणे. डोळ्यांना गोड दिसले म्हणजे झाले, असे दुसऱ्या बाजूचे. वाद चहाच्या वेळेपर्यंत चालला, आणि जिचे चित्र होते ती बिचारी चित्राची गुंडाळी करून पिशवीत घालून घरी गेली. पुढे दोन महिने ती वर्गाला आलीच नाही. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला तो प्रसंग आठवला. आणि ज्याने हा पांढऱ्या रंगाचा प्रश्न सबंध आयुष्यभर हाताळला त्या इंग्रज चित्रकाराचे, जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर याचे, चरित्र सांगावे असे मनाने घेतले.

ज्या भगिनी चित्रे काढीत नाहीत त्यांच्यासाठी आधी अडचण काय ती सांगते. तैलरंगात पांढरा रंग सर्वांत शेवटी येतो. डोळ्यातली चमक, मोत्याच्या नथीवरचा उजेड, हे सारे चित्र पुरे झाल्यावर वरून दोन टिंबे देऊन साधता येते. जलरंगाचे तसे नाही. तो रंग पाण्यासारखा पारदर्शक. उजेड त्या रंगातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत बाहेर येतो. म्हणून चांगले जलरंगाचे चित्र आतून उजळल्यासारखे दिसते. तेव्हा या चित्रात उजेड म्हणजे कागदच. एकदा का त्यावर गडद रंगाचा हात फिरला, की वरून कितीही फिका रंग द्या, तो दिसावयाचा नाही. आपण सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी घालतो. येथे सारे उलटे. जेथे पांढरे हवे तेथे काहीच घालावयाचे नाही, आणि ते रंगाला हात लावण्याआधीच ठरवावयाचे. एखादे ढगाचे टोक राखावयाचे विसरले, तर ते गेले ते गेलेच. निदान टर्नरच्या लहानपणी तरी शिकविणारे असेच सांगत.

टर्नरचा जन्म एप्रिल १७७५ मध्ये लंडन शहरातील कॉव्हेंट गार्डन या बाजारपेठेतील एका अरुंद गल्लीत झाला. वडील विल्यम हे न्हावी. दाढी-हजामतीबरोबर त्या काळच्या सरदारी केसांचे टोप विंचरण्याचा व बनविण्याचा त्यांचा धंदा. वडील बोलके, मुलाचे कौतुक असलेले. पोराने काढलेली चित्रे ते दुकानाच्या खिडकीत टांगीत आणि एक ते तीन शिलिंगांना विकीत. आईचे नाव मेरी. तिच्या कपाळी मात्र सुख नव्हते. धाकटी मुलगी लहानपणीच गेली, आणि आईच्या मनाचा तोल ढळत चालला. घरातील त्या आकांतापासून दूर राहावे म्हणून असेल, पण मुलाला मामाकडे ब्रेंटफर्डला ठेवले होते. पुढे १८०० साली त्या माऊलीला बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले, आणि १८०४ साली ती वारली. टर्नर तिच्याविषयी कधी बोलत नसे. त्याच्या चित्रांतील वादळे पाहताना मला त्या घराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थात हा माझा तर्क. तो कोणी प्रमाण मानू नये.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १७८९ च्या डिसेंबरात, त्याला रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जलरंगातील एक चित्र अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. जाता जाता सांगते, की या संस्थेच्या १७६८ मधील संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पण त्यांच्यानंतर १९२२ सालापर्यंत एकाही चित्रकर्तीला तेथे सभासद म्हणून निवडले गेले नाही.

त्या काळी लंडनमध्ये टॉमस मन्रो नावाचे एक डॉक्टर होते. हे त्याच बेथलेमच्या इस्पितळाचे वैद्य. त्यांना चित्रांचा भारी नाद. संध्याकाळी ते होतकरू मुलांना घरी बोलावीत, मेणबत्त्या लावून टेबलाशी बसवीत आणि जुन्या चित्रांच्या नकला करून घेत. मोबदला म्हणजे थोडे शिलिंग व रात्रीचे जेवण. टर्नर तेथे सुमारे तीन वर्षे जात होता. त्याच्या समोर बसे तो टॉमस गर्टिन, त्याच्याच वर्षी जन्मलेला. गर्टिनने रेघांनी आकार काढून द्यावा आणि टर्नरने त्यावर निळ्या-करड्या पाण्याचे हात देऊन उजेड-सावली दाखवावी, अशी वाटणी असे. म्हणजे उजेड कोठे राखावयाचा याचे धडे त्याने पोटासाठी काम करता करता, दुसऱ्याच्या रेघांवर गिरवले.

या गर्टिनच्या एका चित्राविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८०० साली त्याने चेल्सीजवळच्या थेम्स नदीचे एक लहानसे चित्र काढले. संध्याकाळची वेळ, रुंद संथ पाणी, दूरवर पवनचक्की आणि किनाऱ्याची काळसर रेघ. सारा कागद मंद करड्या-तपकिरी रंगांनी भरलेला, आणि त्या काळोख्या काठावर एकच घर पांढरे स्वच्छ उभे. खाली पाण्यात त्याचे पांढरे प्रतिबिंब. ते घर रंगविलेले नाही. तेवढा कागद सोडून दिला आहे, बस्स. सगळा रंग त्या न रंगविलेल्या जागेभोवती हात जोडून उभा आहे असे वाटते. टर्नरला या चित्राचे इतके अप्रूप होते, की त्यापुढे तो आपली चित्रे कमी लेखी, अशा आख्यायिका आहेत. १८०२ च्या नोव्हेंबरात गर्टिन सत्ताविसाव्या वर्षी छातीच्या विकाराने वारला. त्याच वर्षी टर्नर अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला होता. टॉम जगता तर आपल्याला उपाशी राहावे लागले असते, असे तो म्हणे म्हणतात.

गर्टिनची रीत राखण्याची. ती टर्नरला येत होतीच, पण त्याचे तेवढ्यावर समाधान होईना. आधी सगळे ठरवून मग रंग लावावयाचा, हे त्याच्या स्वभावात नव्हते. फॅरिंग्टन नावाचा एक चित्रकार रोजनिशी लिहीत असे. तीत १७९९ सालची नोंद आहे, की टर्नरची काम करण्याची ठरलेली अशी पद्धतच नाही; रंग लावतो, धुतो, पुसतो, आणि असे करीत करीत मनातले कागदावर उतरवितो. ज्याला आधीपासून सारे ठाऊक नसते त्याने पांढरे आधी राखावे कसे? त्याला ते मागाहून परत मिळविण्याची युक्तीच शोधावी लागणार.

आणि ती त्याने शोधली. त्याच फॅरिंग्टनच्या रोजनिशीत १८०४ साली एक कृती दिली आहे, ती आपल्या वर्गातील भगिनींनी करून पाहण्याजोगी आहे. आधी गडद रंगाचा हात सरसकट देऊन वाळू द्यावयाचा. मग नुसत्या स्वच्छ पाण्यात बुडविलेला कुंचला घेऊन जेथे उजेड हवा तेथे फिरवावयाचा. रंग भिजून सुटा झाला, की टिपकागद दाबून तो उचलून घ्यावयाचा, आणि शेवटी पावाच्या चुऱ्याने ती जागा हलकेच घासून स्वच्छ करावयाची. खोडरबर अजून नवलाचे होते. पावाचा गर हेच चित्रकारांचे जुने रबर. मी ही कृती घरी केली. शिळा पाव हवा, फार ताजा चालत नाही, तो चिकटतो. आणि घासताना घाई केली तर कागदाची लव उठते.

येथे कागदाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सारी करामत त्याच्यावर अवलंबून आहे. टर्नरचा आवडता कागद केंट परगण्यातील व्हॉटमन यांच्या कारखान्याचा. सुती-तागाच्या चिंध्यांचा लगदा करून तो हाताने काढीत, आणि तयार झाल्यावर जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाच्या पातळ पाण्यातून बुडवून काढीत. आपण पातळाला खळ देतो तशीच ती खळ म्हणा ना. त्या सरसामुळे रंग कागदाच्या आत मुरत नाही, वरच राहतो. म्हणून धुतला तर निघतो, आणि चाकूने खरवडले तर खाली पांढराशुभ्र कागद मिळतो. हलक्या वहीच्या कागदावर हीच कृती केली तर भोक पडेल. आमच्या वर्गात दोघींचे पडले.

दुसरी युक्ती झाकण्याची. ही टर्नरच्या एकट्याची नव्हे; त्या काळचे आणखीही काही चित्रकार ती वापरीत, आणि फ्रान्सिस निकल्सन नावाच्या चित्रकाराने आपली कृती १७९९ च्या सुमारास जाहीर केली. मेण, टर्पेंटाइन आणि थोडा पांढरा रंग यांचे मिश्रण करून जेथे उजेड राखावयाचा तेथे कुंचल्याने लावावयाचे, वरून बेलाशक रंगाचे हात द्यावयाचे, आणि वाळल्यावर ते मेण काढून टाकावयाचे. आपल्या भगिनींना हे नवल वाटणार नाही. बांधणीच्या साडीवरचे ठिपके असेच होतात. गाठ मारलेल्या जागी रंग शिरत नाही आणि दोरा सोडला की पांढरे टिपके चमकतात. मेण लावून कापड रंगवितात त्या बाटिकचेही तत्त्व हेच. हल्ली चित्रकलेच्या दुकानात बाटलीतून रबरासारखा द्रव मिळतो, तो लावून वाळल्यावर बोटाने सोलून काढावयाचा. निकल्सनच्या मेणाचीच ती नात.

१८०२ साली फ्रान्सशी काही काळ तह झाला, तेव्हा टर्नर आल्प्स पर्वतात जाऊन आला. परतल्यावर १८०४ मध्ये त्याने रायखेनबाख धबधब्याचे जे चित्र केले, ते जलरंगाचे असून सुमारे एक मीटर उंच आहे. एवढे मोठे जलरंगाचे चित्र म्हणजे त्या वेळी तैलरंगवाल्यांना दिलेले आव्हानच. काळ्या कड्यांमधून पाणी कोसळते आहे. त्याचा फेस, तुषार आणि वर उठणारी वाफ या तिन्हींचे पांढरेपण वेगवेगळे आहे. वाफेसाठी ओल्या कुंचल्याने रंग उचलला आहे, म्हणून तिच्या कडा मऊ. पाण्याचे ताठ फटकारे मात्र टोकदार हत्याराने खरवडून काढले आहेत. उजेड मऊ हवा की तीक्ष्ण, याप्रमाणे पांढरे मिळविण्याची रीत बदलते, हे एकाच चित्रात शिकावयास मिळते. मी हे चित्र छापील पुस्तकातच पाहिले आहे. इंग्लंडला बेडफर्ड गावच्या संग्रहालयात ते आहे.

त्याच संग्रहालयात टर्नरचे दुसरे एक लहान चित्र आहे, आणि त्याची गोष्ट चित्रापेक्षाही प्रसिद्ध आहे. यॉर्कशायरमधील फार्नली हॉल या वाड्याचे मालक वॉल्टर फॉक्स हे टर्नरचे परममित्र. त्यांच्याजवळ टर्नरची दोनशेहून अधिक जलरंगचित्रे होती. १८१८ सालच्या नोव्हेंबरात एके दिवशी न्याहारीच्या वेळी फॉक्स यांनी सहज इच्छा बोलून दाखविली, की मोठे लढाऊ जहाज केवढे असते याची कल्पना येईल असे एखादे चित्र काढून मिळावे. टर्नर उठला, फॉक्स यांच्या थोरल्या मुलाला बरोबर घेतले आणि खोलीत जाऊन बसला. टर्नर काम करताना कोणाला जवळ उभे राहू देत नसे. या मुलाचे भाग्य थोर. त्याने जे पाहिले ते त्या घरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. टर्नरने आधी कागदावर ओला रंग ओतला, तो अगदी निथळेपर्यंत. मग कुंचला, बोटे, नखे, जे हाताला येईल त्याने तो कागद घासू, ओरबाडू, खरवडू लागला. मुलाला वाटले, आता हा कागद फाटणार. सगळा गोंधळ दिसत होता. पण हळूहळू त्या चिखलातून जहाजाचा प्रचंड काळा डोलारा वर आला, त्याच्या तोफांच्या खिडक्या दिसू लागल्या, खाली लाटांवर पांढरा फेस उमटला, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी टर्नर ते चित्र घेऊन खाली आला. सारे काम एका सकाळचे. घरात जवळ जहाज नव्हते की त्याचे चित्र नव्हते, सगळे आठवणीतून.

अंगठ्याचे एक नख त्याने गरुडाच्या नखाप्रमाणे मुद्दाम वाढविले होते, अशीही त्या घरची आठवण आहे. चाकूपेक्षा नख बरे, कारण कागद किती दबतो आहे हे बोटाला कळते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावयास नको. कणीक सैल की घट्ट हे काही वाचून कळत नाही.

याउलट पुढच्याच वर्षीची गोष्ट. १८१९ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, टर्नर प्रथमच इटलीला गेला. व्हेनिसमध्ये त्याने पहाटेची जी थोडी जलरंगचित्रे केली, त्यांत खरवडणे नाही, पुसणे नाही, काहीच नाही. सान जॉर्जो बेटावरचे देऊळ, पाणी आणि आकाश. निळ्या-पिवळ्या रंगाचे अगदी मोजके पातळ हात, आणि बाकी कागद तसाच. एवढी वर्षे कागदाशी झटापट करून झाल्यावर तो पुन्हा गर्टिनच्या त्या पांढऱ्या घराशी येऊन उभा राहिला, असे मला वाटते. मात्र आता सोडून दिलेली जागा एका घरापुरती नव्हती. सगळे शहरच कागदाच्या उजेडात तरंगत होते. ही पाने वहीतच राहिली; त्याने ती विकली नाहीत.

आता आपल्या वादाचा मुद्दा. पांढरा रंग टर्नरने वापरला की नाही? वापरला, आणि मोकळेपणाने वापरला. १८२७ साली पेटवर्थ येथील सरदाराच्या वाड्यात मुक्कामाला असताना त्याने निळ्या कागदाच्या तुकड्यांवर शंभरावर लहान चित्रे केली. फ्रान्समधील नद्यांची त्याची चित्रेही निळ्या कागदावरच आहेत. निळ्या कागदात पांढरे राखणार कोठून? तेथे ते वरूनच द्यावे लागते, आणि त्याने ते जाड, अपारदर्शक रंगाने दिले. म्हणजे नियम रंगाचा नव्हता, कागदाचा होता. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग फासला तर तो शेजारच्या कोऱ्या कागदापुढे खडूसारखा निर्जीव दिसतो, कारण त्यातून उजेड परत येत नाही, वरच्यावर अडतो. निळ्या कागदावर तोच रंग चांदण्यासारखा दिसतो.

शिवाय त्या काळी पांढऱ्या रंगाला भिण्याचे दुसरेही कारण होते. मिळणारा पांढरा म्हणजे बहुधा शिशाचा सफेता. तैलरंगात तो टिकतो. पण पाण्यात कालवून कागदावर लावला, की शहराच्या गंधकयुक्त धुराने काळा पडतो. उजेड म्हणून दिलेला ठिपका कालांतराने डाग होऊन बसावयाचा. १८३४ साली लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या दुकानाने जस्तापासून केलेला पांढरा रंग चायनीज व्हाइट या नावाने विकावयास काढला, तेव्हा ही भीती गेली. आपण जो वाद घातला त्याचे मूळ इतके जुने आहे, आणि भीतीचे कारण जाऊन दोनशे वर्षे होत आली तरी नियम तेवढा शिल्लक राहिला आहे. टर्नरचा थोर पुरस्कर्ता जॉन रस्किन याने १८५७ साली शिकाऊ लोकांसाठी चित्रकलेचे जे पुस्तक लिहिले, त्यातही पांढऱ्या रंगाला बंदी नाही. तेव्हा गेल्या वर्षी ज्या भगिनींनी लबाडी हा शब्द वापरला त्यांनी, आणि त्यांत मीही होते, तो परत घ्यावा हे बरे.

टर्नरच्या घरगुती आयुष्याविषयी थोडक्यात सांगते. त्याने लग्न केले नाही. सारा डॅन्बी नावाच्या विधवेशी त्याचा संबंध होता, आणि एव्हेलिना व जॉर्जियाना या दोन मुली त्याच्याच मानल्या जातात. पण त्या मायलेकींची त्याने व्हावी तशी काळजी घेतली असे दिसत नाही. थोर कलावंताचे चरित्र लिहिताना अशा गोष्टींवर पदर घालण्याची रीत आहे, ती मला पसंत नाही. वडिलांवर मात्र त्याचा जीव. म्हाताऱ्याने हजामतीचा धंदा सोडला आणि मुलाच्या चित्रांचे कापड ताणणे, वार्निश देणे, चित्रशाळेची दारे उघडणे ही कामे अंगावर घेतली. १८२९ साली वडील गेले, आणि टर्नर खचला. वॉल्टर फॉक्स १८२५ मध्येच गेले होते. त्यानंतर टर्नरने फार्नलीत पुन्हा पाऊल टाकले नाही. उतारवयात मार्गेट गावच्या सोफिया बूथ या विधवेने त्याला सांभाळले. चेल्सीला नदीकाठी एका लहानशा घरात ती दोघे राहत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा बुटका म्हातारा कोण हे ठाऊक नव्हते. ते त्याला बूथबाईंचा नवरा, कोणी जुना आरमारी अंमलदार समजत.

म्हातारपणी त्याची काम करण्याची रीत कशी होती, हे एका चित्रकाराने पाहून सांगितले आहे. पाठीमागे मुठी बसविलेल्या लाकडी फळ्यांवर तो कागद ताणून घेई, फळीसकट पाण्यात बुडवी आणि ओल्या कागदावर रंग सोडी, म्हणजे ते एकमेकांत पसरत. एक फळी वाळावयास ठेवली की दुसरी घ्यावयाची. एक पोळी तव्यावर, एक लाटावयाची, आणि एक शेकावयाची, तसा त्याचा प्रपंच. रंग निम्मा वाळला की मधले उजेड उचलून घ्यावयाचे. पुरा वाळला की सर्वांत तीक्ष्ण उजेड खरवडावयाचे. कोणत्या क्षणी हात घालावयाचा, यातच सगळे आले. ओले असताना खरवडाल तर पांढरी रेघ न उमटता गडद ओरखडा पडतो, कारण दुखावलेल्या कागदात रंग अधिकच शिरतो. हे मला तीन कागद फुकट गेल्यावर कळले.

१८४१ आणि पुढच्या काही वर्षी टर्नर उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जाई आणि लुसर्न येथे सरोवराकाठी उतरे. समोर पाण्यापलीकडे रिगी नावाचा डोंगर. वेगवेगळ्या वेळी त्याने तो डोंगर पुन्हा पुन्हा रंगविला. १८४२ मध्ये पुऱ्या केलेल्या तीन मोठ्या चित्रांपैकी एक निळ्या रिगीचे आहे. सूर्य अजून वर आलेला नाही. डोंगर निळ्या सावलीचा, त्याच्यामागे आकाश पिवळे होऊ लागलेले. खाली पाण्यात कुत्री झेपावली आहेत आणि बदके उडाली आहेत. वर उजाडत्या आकाशात शुक्राची चांदणी. ती चांदणी म्हणजे रंगाचे टिंब नव्हे. सारे चित्र पुरे झाल्यावर तेवढा कण कागद खरवडून काढला आहे. सबंध चित्रातला सर्वांत लहान आणि सर्वांत प्रखर उजेड तो. त्या वर्षी टर्नरच्या विक्रेत्याला ही स्विस चित्रे खपविणे जड गेले. रीत फार नवी वाटली. २००७ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने हेच चित्र ४९ लाख ५० हजार पौंडांना घेतले. पैसे जमविताना लोकांना आवाहन केले होते, की प्रत्येकाने पाच पौंड देऊन चित्रातला एकेक कुंचल्याचा फटकारा विकत घ्यावा. आणि हजारो लोकांनी घेतला.

टर्नर १९ डिसेंबर १८५१ रोजी चेल्सीच्या त्या घरात वारला. वय शहात्तर. सेंट पॉलच्या मोठ्या देवळात त्याचे दफन झाले. मृत्युपत्रावरून नातेवाइकांनी दावा लावला, तो १८५६ पर्यंत चालला. पैसा बव्हंशी नातेवाइकांकडे गेला आणि चित्रे राष्ट्राला मिळाली : तैलचित्रे सुमारे ३००, आणि रेखाटने व जलरंगाची पाने ३०,००० च्या आसपास. २०२० सालापासून तिकडच्या वीस पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. न्हाव्याच्या खिडकीत चित्र टांगणाऱ्या बापाने हे पाहावयास हवे होते.

जलरंगाची एक दुखरी बाजूही आहे. ज्या उजेडासाठी चित्रकार एवढा जीव टाकतो, तोच उजेड पुढे चित्राचे रंग खातो, आणि कागदही पिवळा करतो. म्हणून ही पाने संग्रहालयात अंधाऱ्या पेट्यांत ठेवतात आणि थोडा वेळच बाहेर काढतात. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाने १९०० साली टर्नरची ३८ जलरंगचित्रे एडिंबरोच्या संग्रहालयाला दिली, ती एका अटीवर : ती वर्षातून एकदाच, जानेवारी महिन्यात, लोकांना दाखवावयाची, कारण तिकडे त्या महिन्यात दिवसाचा उजेड सर्वांत मंद असतो. विजेचे दिवे आले, काचा बदलल्या, तरी जानेवारीचा तो शिरस्ता तेथे पाळला जातो.

आपल्या सभागृहात प्रदर्शनाची चित्रे पश्चिमेच्या खिडकीसमोर लावतो, ती यंदा आतल्या भिंतीवर लावावीत, एवढी कार्यकारी मंडळास विनंती आहे. आणि वर्गाच्या भगिनींनी पुढच्या बुधवारी येताना टिपकागद, एक जुना चाकू आणि आदल्या दिवशीचा पाव आणावा. नदीचे चित्र काढणाऱ्या आपल्या भगिनीला मी स्वतः घरी जाऊन बोलावणार आहे. तिच्यासाठी निळ्या कागदाचे दोन ताव आणून ठेवले आहेत.